नारोशंकराची घंटा कुठून आली, हे पोरांना कोण सांगणार?

मंडळी, आज जरा लांबलचक लिहितोय. चहा घेऊन बसा.

आपल्या भागातून दमणला किती गाड्या जातात, हे मी सांगायची गरज नाही. शनिवारी संध्याकाळी निघायचं, पेठ–कपराडा–वापी करत रात्री पोचायचं, रविवारी परत. कशासाठी जातात, तेही सांगायला नको. माझी त्याबद्दल काही तक्रार नाही. ज्याचा त्याचा खिसा, ज्याचं त्याचं लिव्हर.

तक्रार वेगळी आहे. यातल्या बऱ्याच जणांना मी विचारून पाहिलंय, की मोटी दमणच्या किल्ल्यात गेला होतात का? उत्तर एकच, "किल्ला? बाहेरून दिसतो की." आत १६०३ सालचं बोम जेझूस चर्च आहे. लाकडावरचं कोरीव काम बघून आपल्याकडचा सुतार तासभर हलणार नाही. नदीच्या अलीकडे नानी दमणला सेंट जेरोमचा किल्ला आहे. १५५९ पासून १९६१ पर्यंत, म्हणजे तब्बल ४०२ वर्षं, हे गाव पोर्तुगीजांकडे होतं. आणि १९६१ च्या डिसेंबरात ते सोडवलं कुणी? मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या बटालियननं. आपल्या जिल्ह्यात जिथं घरटी एक माणूस फौजेत असलेली गावं आहेत, तिथल्या पोरांना हे माहीत नाही.

यावर मला नेहमी एक उत्तर मिळतं. "पोर्तुगीजांचं काय बघायचं राव? गुलामीच्या खुणा त्या. आपले किल्ले काय कमी आहेत का?"

आजची पोस्ट या उत्तरासाठी आहे. कारण हे उत्तर ऐकायला बाणेदार वाटतं, पण त्यात आपलाच तोटा आहे. पोर्तुगीजांच्या चर्च-किल्ल्यांकडे पाठ फिरवली, की आपल्याच इतिहासाची अर्धी पानं कोरी राहतात. कशी, ते सांगतो. सुरुवात लांबून नको, नाशिकपासूनच करू.

पंचवटीत गोदावरीच्या काठावर नारोशंकराचं मंदिर आहे. मूळ नाव रामेश्वर, पण सगळे नारोशंकरच म्हणतात. नारोशंकर राजेबहादर या पेशव्यांच्या सरदारानं १७४७ मध्ये ते बांधलं. मालेगावचा भुईकोट किल्लाही त्याचाच. या मंदिराच्या नदीकडच्या भिंतीवर एक भलीमोठी घंटा आहे. पूर आला की नाशिककर दोन गोष्टींकडे बघतात. दुतोंड्या मारुती किती बुडाला आणि पाणी नारोशंकराच्या घंटेपर्यंत गेलं का. आपल्याकडची म्हातारी माणसंही पुराच्या बातम्या विचारताना या घंटेचं नाव काढतात.

त्या घंटेवर साल कोरलेलं आहे, १७२१. मंदिर १७४७ चं आणि घंटा २६ वर्षं आधीची. हे कसं? कारण ती मंदिरासाठी ओतलेलीच नाही. ती वसईच्या पोर्तुगीज चर्चची घंटा आहे. मे १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई जिंकली आणि तिथल्या चर्चच्या घंटा विजयाची खूण म्हणून मराठी मुलखात देवळादेवळांत गेल्या. एक भीमाशंकरला आहे. एक वाईजवळ मेणवलीला, नाना फडणवीसांच्या वाड्यामागच्या घाटावर आहे. 'स्वदेस' सिनेमात तुम्ही तो घाट पाहिलाय. तिथल्या घंटेवर बाळ येशूला घेतलेल्या मरियमची आकृती आजही स्पष्ट दिसते.

आता जरा थांबून विचार करा. त्या काळी घंटा म्हणजे उत्तम धातू. वितळवून तोफ ओतता आली असती. मराठ्यांनी तसं केलं नाही. मरियमची आकृती तासून काढली नाही, साल खरवडलं नाही. आहे तशी घंटा उचलली आणि महादेवाच्या दारात टांगली. जिंकलेली वस्तू आहे, हे जगाला कळावं म्हणून टांगली हे खरंच. पण ती ज्याची होती त्याची ओळख पुसून टाकावी, असं त्यांना वाटलं नाही. पावणेतीनशेहून जास्त वर्षं शंकराच्या दारात ती घंटा वाजते आहे आणि त्यानं कुणाचा धर्म बाटला नाही.

मग ज्या गावाहून ती घंटा आली, ते गाव बघायला आपल्याला काय हरकत आहे?

वसई आपल्यापासून काही फार लांब नाही. सकाळी लवकर निघालं तर नाशिक, कसारा घाट, भिवंडी करत चार-पाच तासांत माणूस किल्ल्यात असतो. (अंजूरफाट्यावरच्या ट्रॅफिकची जबाबदारी माझी नाही.) आता अंजूरफाटा म्हटलं की आपल्याला कंटेनरची रांग आठवते. पण त्याच अणजूर गावचे गंगाजी नाईक. पोर्तुगीजांच्या जाचाला कंटाळून ज्यांनी पेशव्यांकडे धाव घेतली, साष्टी-वसईची खडान्‌खडा माहिती पुरवली, ते हे अणजूरकर नाईक. म्हणजे मोहिमेचा इतिहास किल्ल्याच्या वीस-पंचवीस किलोमीटर आधी, ट्रॅफिकमध्येच सुरू होतो.

किल्ल्यात काय बघायचं? तर आधी आकार बघायचा. आपल्या डोळ्यात किल्ला म्हटलं की अहिवंत, मार्कंड्या, धोडप. डोंगर चढायचा, वर बुरूज. वसई तसा नाही. साडेचार किलोमीटरच्या आसपास तट, दहा बुरूज, तीन बाजूंना समुद्र, खाडी आणि दलदल, आणि आत एक अख्खं शहर. १५३४ च्या अखेरीस गुजरातच्या बहादूरशहानं वसई पोर्तुगीजांना तोडून दिली. तिथपासून १७३९ पर्यंत ते इथे होते. रस्ते, वाडे, दवाखाना, कचेरी आणि एकेका पंथाचं एकेक चर्च. जेझुइटांचं वेगळं, फ्रान्सिस्कनांचं वेगळं, डॉमिनिकनांचं वेगळं. सेंट जोसेफ चर्चचा मनोरा अजून उभा आहे. फ्रान्सिस्कन चर्चला छप्पर नाही, पण जमिनीत कबरींच्या शिळा आहेत, पोर्तुगीज अक्षरं कोरलेल्या. पावसाळ्यानंतर गेलात तर गवत बाजूला करून वाचाव्या लागतात.

हे सगळं पायी फिरलात की मग कळतं चिमाजीअप्पांनी काय केलं ते. पुस्तकात "वसईचा किल्ला जिंकला" एवढं एक वाक्य असतं. पण सेबॅस्टियन बुरुजापाशी उभे राहा. मोहीम सुरू झाली १७३७ मध्ये. आधी ठाणं, साष्टी, मग एकेक ठाणं घेत वेढा वसईशी आला. समुद्राकडून जाणं अवघड, खाडीकडून चिखल. जमिनीची एकच बाजू उघडी, आणि तिथे तोफा रोखलेल्या. मराठ्यांनी त्या बाजूनं तटाखाली सुरुंग खणले. वरून गोळे, तेल, दगड पडत असताना खणले. काही सुरुंग उडाले, काही फसले, काही आपल्याच माणसांवर कोसळले. मल्हारराव होळकर, राणोजी शिंदे यांच्यासारखे सरदार या वेढ्यात होते. डोंगरी मुलखात घोड्यावर लढणारी माणसं युरोपी पद्धतीच्या तटाखाली माती उपसत होती. हे चित्र पुस्तकात दिसत नाही. तट किती जाड आहे ते हाताने चाचपल्यावर दिसतं. शत्रूचा किल्ला बघितल्याशिवाय आपल्या विजयाची किंमत कळत नाही, हा एवढा साधा हिशेब आहे.

आणि विजयानंतरचा भाग तर आपण कधी सांगतच नाही. किल्ला पडला तेव्हा पोर्तुगीज शिबंदीला शस्त्रांसह, वाजतगाजत बाहेर पडू दिलं. ज्यांना जायचं होतं त्यांना बायकापोरं आणि चीजवस्तू घेऊन निघायला आठ दिवसांची मुदत दिली. मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेला आपला धर्म पाळता येईल, हेही अटींत आलं. हजारो माणसं गमावून जिंकलेला किल्ला, आणि तरी हा शब्द पाळला. आजकाल सोशल मीडियावर चिमाजीअप्पांचा फोटो लावून जे काही लिहिलं जातं, ते लिहिणाऱ्यांनी ही अट एकदा वाचावी. मोठेपणा तलवार उगारण्यात असतोच, पण ती म्यान कधी करायची, हे ठरवण्यातही असतो.

त्याच वसईत आणखी एक कडू पान आहे. १८०२ च्या ३१ डिसेंबरला दुसऱ्या बाजीरावानं इंग्रजांशी तह केला आणि मराठी राज्याची मान त्यांच्या हातात दिली, तो वसईचाच तह. एकाच गावात ६३ वर्षांच्या अंतरानं आपला सगळ्यात मोठा विजय आणि सगळ्यात मोठी शरणागती. असं गाव पोरांना दाखवायचं नाही, तर मग दाखवायचं काय? वॉटर पार्क?

आता "गुलामीच्या खुणा" म्हणणाऱ्यांकडे येतो. त्यांचं म्हणणं मी उडवून लावत नाही. पोर्तुगीज राजवटीनं केलेला जुलूम खराच आहे. गोव्यात १५६० ते १८१२ पर्यंत, मधली चार वर्षं सोडली तर, इन्क्विझिशनचं न्यायालय होतं. तिथे धर्माच्या नावाखाली माणसांना तुरुंगात डांबलं, छळलं, जाळलं. देवळं पाडली गेली. दिवाडी बेटावरच्या सप्तकोटेश्वराची तीच गत झाली. पुढे नार्वेत त्याची स्थापना झाली आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी त्या मंदिराचा जीर्णोद्धार केला. मुंबईत बोरिवलीला मंडपेश्वराचं लेणं आहे. शंकराचं लेणं. पोर्तुगीजांनी त्याचं चर्च केलं, वर मठ बांधला. आज लेण्यात नटराजाची शिल्पं आहेत, शेजारी भिंतीवर कोरलेला क्रूस आहे आणि डोक्यावर त्या मठाचे पडके अवशेष आहेत.

पण हे सगळं मला कळलं कुठून? तिथे जाऊनच ना! क्रूस तिथे आहे म्हणून जुलमाचा पुरावा आहे. उद्या कुणी उत्साहात जाऊन तो फोडला, तर पुढच्या पिढीला दाखवणार काय? खुणा पुसून गुलामी पुसली जात नाही, फक्त तिची साक्ष नाहीशी होते. खटल्यात आपल्या बाजूचा साक्षीदार आपणच मारायचा, असला हा प्रकार आहे.

दुसरी गोष्ट. या इमारती "त्यांच्या" म्हणताना जरा दम धरा. जुन्या गोव्यातलं बोम जेझूसचं चर्च सगळ्यांनी पाहिलेलं असतं, निदान बसमधून तरी. १५९४ ते १६०५ या काळात ते बांधलं. लाल जांभ्याची भिंत आणि दर्शनी भागावर काळ्या दगडातलं नाजूक कोरीव काम. तो काळा दगड आला कुठून? वसईहून. म्हणजे आपल्या सह्याद्रीचाच काळा पाषाण, ज्यात सिन्नरचं गोंदेश्वर कोरलं तसलाच. आत सेंट फ्रान्सिस झेवियरचे अवशेष आहेत, दर दहा वर्षांनी दर्शनाला ठेवतात. गेल्या खेपेला नोव्हेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ असे ठेवले होते. ती चांदीची पेटी घडवली ती गोव्यातल्या कारागिरांनी, १६३६-३७ मध्ये. राज्य त्यांचं होतं, धर्म त्यांचा होता, पण घाम आणि हात इथले होते. ते आपण सोडून द्यायचे?

भाषेचंही तसंच. फादर थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज जेझुइट गोव्यात आला, इथली भाषा शिकला आणि त्यानं मराठीत ओवीबद्ध ख्रिस्तपुराण लिहिलं. ते छापलं गेलं १६१६ मध्ये. आपण मराठी अभिजात भाषा झाली म्हणून पेढे वाटले. त्या मराठीच्या छपाईच्या इतिहासात एक दार चर्चमधून उघडतं, हे आपल्याला माहीत नको?

आणि वसईतले ख्रिस्ती बांधव आजही घरात मराठी किंवा आपापली बोली बोलतात. त्यांच्यातलेच फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० च्या उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. 'सुवार्ता' मासिक त्यांनी वर्षानुवर्षं चालवलं, वसईची हिरवाई वाचवायला रस्त्यावर उतरले. २०२४ मध्ये ते गेले. वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया १५९७ मध्ये जपानात नागासाकीला क्रूसावर मारले गेले आणि १८६२ मध्ये संत झाले. भारतात जन्मलेले पहिले कॅथलिक संत. किल्ल्यातल्या त्यांच्या चर्चमध्ये अजून मिस्सा होते. म्हणजे हा नुसता पडका किल्ला नाही. काही मराठी माणसांचं ते देवघर आहे. आपण गडावर आईच्या दर्शनाला जातो तेव्हा पायऱ्यांवर कुणी बूट घालून रील काढत नाचलं तर आपल्याला चालेल का? मग तिथल्या वेदीवर चढून फोटो काढणारं प्री-वेडिंगवालं जोडपं त्यांना कसं चालावं?

मी मागच्या हिवाळ्यात पुन्हा जाऊन आलो. काय दिसलं ते लिहितो. जुन्या गिलाव्यावर बदाम आणि नावं. मनोऱ्याच्या कोपऱ्यात रिकाम्या बाटल्या. तटात उंबर-पिंपळाची मुळं शिरलेली, एकेक दगड सुटत चाललेला. पुरातत्त्व खात्याचा निळा फलक आहे, दंड किती ते लिहिलेलं आहे. इथे काय घडलं ते शोधावं लागतं. आमच्या सोबतच्या नववीतल्या पोरानं विचारलं, "हे कुणी पाडलं?" मी म्हटलं, "अर्धं लढाईनं, उरलेलं आपण." स्थानिक तरुणांचे काही गट मात्र रविवार खर्चून झाडोरा काढतात, लोकांना फुकट माहिती सांगतात. त्यांना मनापासून सलाम.

आता म्युझियमचं. म्युझियम म्हटलं की आपल्याकडे जांभई. पण जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिसच्या मठात पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय आहे, तिथे मी दोन तास होतो. पोर्तुगीज व्हाइसरॉयांची तैलचित्रं ओळीनं लावलेली. ज्या आल्बुकर्कनं १५१० मध्ये गोवा घेतला, त्याचा पुतळाही तिथेच. आणि त्याच इमारतीत आपले वीरगळ, सतीशिळा, जुन्या देवतांच्या मूर्ती. राज्य करणारे आणि ज्यांच्यावर राज्य केलं ते, दोघं एका छपराखाली. चौकात मिरवणारा पुतळा म्युझियमच्या कोपऱ्यात आला की त्याचा तोरा जातो, पण माहिती राहते. पुतळ्यांवरून भांडणाऱ्या आपल्या गावांनी शिकण्यासारखं आहे हे.

आग्वादच्या किल्ल्याचं तर वेगळंच. १६१२ चा हा किल्ला. त्याच्या पायथ्याच्या तुरुंगात गोवामुक्तीसाठी लढलेले सत्याग्रही डांबले होते, महाराष्ट्रातले नानासाहेब गोरे त्यांत होते. डिसेंबर २०२१ पासून त्या तुरुंगाचं संग्रहालय झालंय. आपल्याकडचे लोक आग्वादला नुसता फोटो काढायला जातात. फोटो काढा, पण तुरुंगाच्या कोठडीतही डोकावून या.

तिथे गेल्यावर मोहन रानडे यांचं नाव आठवावं. सांगलीचा मराठी मुलगा, मूळ नाव मनोहर आपटे. गोव्यात मराठीचा शिक्षक म्हणून गेला आणि आझाद गोमंतक दलात सशस्त्र लढ्यात उतरला. १९५५ मध्ये जखमी होऊन पकडला गेला. पुढे त्याला थेट लिस्बनजवळच्या काशियास तुरुंगात नेलं. गोवा १९६१ मध्ये सुटला. रानडे सुटले १९६९ मध्ये! देश मोकळा झाल्यावरही सात वर्षं हा माणूस परक्या देशाच्या तुरुंगात होता. आपले बाबूजी, सुधीर फडके, त्यांच्या सुटकेसाठी झटले. बाबूजींची गाणी आपल्याला पाठ आहेत, हे काम कितींना ठाऊक आहे?

आणि याच गोष्टीचा पुढचा धागा पोर्तुगालमध्ये आहे. ज्या सालाझारच्या राजवटीनं रानड्यांना डांबलं, तिनंच लोकशाही मागणाऱ्या स्वतःच्या हजारो पोर्तुगीज नागरिकांनाही अशाच तुरुंगांत सडवलं. १९७४ च्या एप्रिलमध्ये ती राजवट कोसळली. पेनिश गावचा समुद्रकाठचा किल्ला त्यांचा राजकीय तुरुंग होता. २०२४ मध्ये तिथे प्रतिकार आणि स्वातंत्र्याचं राष्ट्रीय संग्रहालय उघडलं. म्हणजे पोर्तुगीज लोक स्वतःच्या काळ्या इतिहासाचं दार उघडून शाळेच्या पोरांना आत नेतात. आपण आपल्या विजयाचं दारही उघडत नाही.

आता कुणी म्हणेल, वणीत बसून लिस्बनच्या गप्पा कशाला? बरं, वणीचंच बोलू.

ऑक्टोबर १६७० मध्ये सुरतेच्या दुसऱ्या स्वारीहून परतताना महाराजांची आणि मुघल सरदार दाऊदखानाची गाठ पडली ती कांचन-मांचनच्या खिंडीत, आपल्या या टापूत. इतिहासात तिचं नाव "वणी-दिंडोरीची लढाई". आपल्या गावाचं नाव आहे त्या लढाईला! उघड्या मैदानात मुघलांशी समोरासमोर लढून जिंकलेली लढाई. शेजारचा रामशेज पाच वर्षांहून जास्त काळ औरंगजेबाच्या फौजेला पुरून उरला. वणीत शिकलेल्या किती पोरांना ही दोन वाक्यं सांगता येतील? गडावर लाखो भाविक जातात, त्यांतल्या किती जणांना समोरचे डोंगर काय बघून बसलेत ते माहीत आहे?

म्हणून मला वाटतं, "आपले किल्ले काय कमी आहेत का" हे उत्तर देणारे आपलेही बघत नाहीत आणि परक्यांचेही. बघायची सवयच नाही, हा खरा रोग. ती सवय एकदा लागली की माणूस वसईचा तटही बघतो आणि येताना कांचनचाही चढतो.

नुसती तक्रार करून थांबत नाही. तीन मागण्या आहेत.

पहिली मागणी नाशिकच्या कारभाऱ्यांकडे. सिंहस्थ तोंडावर आला आहे. गोदाकाठावर कोट्यवधी रुपये खर्च होतील, कोट्यवधी माणसं नारोशंकराच्या समोरून जातील. त्या घंटेची गोष्ट सांगणारा मराठी, हिंदी, इंग्रजीतला एक ठसठशीत फलक लावा. कुठून आली, कोणत्या साली ओतली, कुणी आणली. सिंहस्थाच्या खर्चात हा खर्च चहापाण्याएवढाही नाही.

दुसरी मागणी आपल्या शाळांकडे. मुख्याध्यापक, शिक्षक मंडळी ही पोस्ट वाचतात हे मला माहीत आहे. एसटी शाळेच्या सहलीला सवलतीत गाडी देते. एका वर्षी वसई आणि वज्रेश्वरी अशी सहल काढा. वसई जिंकली तर मंदिर बांधीन, असा नवस चिमाजीअप्पांनी वज्रेश्वरीला केला होता, अशी आख्यायिका आहे. त्या मंदिराला किल्ल्यासारखा तट आहे. किल्ला, चर्च आणि मंदिर, तिन्ही एका दिवसात. पण जायच्या आधी वर्गात एक तास बोला. आणि दुसऱ्या वर्षी कांचन-मांचन आणि रामशेज.

तिसरी मागणी तुमच्या-माझ्याकडे. दमणला जाताय, जा. एक तास किल्ल्याला द्या. गोव्याला जाताय, बीचवरून एक सकाळ काढून जुन्या गोव्यात जा. चर्चमध्ये शिरताना टोपी काढा, प्रार्थना चालू असेल तर मागे शांत उभे राहा, मोबाइल खिशात ठेवा. भिंतीवर नाव कोरायची हौस असेल तर घरच्या भिंतीवर कोरा, बायको काय म्हणते ते कळवा. आणि पोरांना खोटं सांगू नका. जुलूम झाला तो सांगा, विजय मिळाला तो सांगा आणि शत्रूला दिलेला शब्द पाळला, तेही सांगा. यातलं एक जरी गाळलं तरी उरलेल्या गोष्टीला अर्थ राहत नाही.

एका गोष्टीची मला खरंच भीती वाटते. वसईचा तट आणखी दोन-तीन पिढ्यांत ढासळेल, तेव्हा चिमाजीअप्पांचा विजय फक्त बॅनरवर उरेल. बॅनरवरचा इतिहास वाऱ्यावर फाटतो. दगडावरचा टिकतो, पण तो कुणीतरी बघायला जावं लागतं.

या दिवाळीनंतर वणी-दिंडोरी भागातून एक दिवसाची वसई सहल काढायचा विचार आहे. खर्च वाटून घेऊ, डबे घरचे. नाव द्यायचं असेल तर खाली कमेंट करा. आणि ज्यांना माझं म्हणणं पटलं नाही, त्यांनीही या. चर्चच्या सावलीत बसून निवांत भांडू.